अक्षरी रुपये

कोणतीहि पावती, रोखा अथवा धनादेश हातीं घेऊन पाहिला, तर एकच रक्कम त्यावर दोनदां लिहिलेली आढळते. एकदां अंकांत आणि एकदां अक्षरांत. अंकांपुढें आडवी रेघ ओढून वाट बंद करावयाची आणि अक्षरांच्या शेवटीं 'फक्त' किंवा 'मात्र' हा पहारेकरी बसवावयाचा, ही रीत आपणां सर्वांच्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, हें दुहेरी लेखन कशासाठीं असा प्रश्न कोणास पडत नाहीं. व्यवहारी मनुष्य म्हणेल, यांत प्रश्न तो कसला? एकाचा नऊ करणें, शून्यापुढें आणखी एक शून्य मांडणें हा क्षणाचा खेळ आहे. अक्षरांत तशी लबाडी करणें जड जातें. हें उत्तर चुकीचें नाहीं. परंतु तें अपुरें आहे, आणि तें अपुरें कां हें पाहूं गेलें असतां प्रकरण बँकेच्या खिडकीपासून बरेंच लांब जातें.

आपल्या देशांत १८८१ सालीं चलनक्षम दस्तऐवजांचा जो कायदा झाला, त्याच्या अठराव्या कलमांत या गोष्टीचा निकाल एका वाक्यांत लावलेला आहे. अंकांतली रक्कम एक व अक्षरांतली दुसरी अशी पडली, तर अक्षरांतली ती खरी. इंग्लंडांत हाच नियम पुढच्या वर्षीं, १८८२ त, कायद्याच्या पुस्तकांत आला. नियम मात्र कायद्याहून पुष्कळ जुना आहे. इ. स. १२९९ मध्यें फ्लॉरेन्स शहरांतील सराफांच्या संघानें आपल्या सभासदांस असें बजाविलें होतें कीं, हिशेबाच्या वहींत रकमा नव्या अंकांनीं न मांडतां स्पष्ट अक्षरांनीं लिहाव्या. हे नवे अंक म्हणजे अरबांच्या हातून तिकडे गेलेले आपलेच अंक. ज्यांचा आपण जगास दिलेली देणगी म्हणून सभासभांतून गौरव करतों, त्यांची युरोपांतील सराफ्यावर पहिली पत ही अशी होती! आमच्या हुंडींतहि केवळ अंकावर भिस्त नसे. रक्कम अंकांत लिहावयाची, मग अक्षरांत, मग तिचें निमें सांगून त्याच्या दुपटीइतके पुरे रुपये द्यावे असें लिहावयाचें. शंभरांची हुंडी असेल तर पन्नास आणि त्यांची दुप्पट हेंहि तींत यावयाचें. आणखी मागें जावयाचें तर वर्धा जिल्ह्यांतील देवळी येथें सांपडलेला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा ताम्रपट आहे. तो शके ८६२ चा, म्हणजे इ. स. ९४० चा. त्यांतील शककाल शब्दांत सांगितलेला आहे. आपण गेल्यावर पुढील राजांनींहि जें पाळावें, असें ज्याला वाटत होतें, त्यानें तें तांब्यावर कोरविलें आणि साल शब्दांनीं सांगितलें.

सराफ, हुंडीवाला आणि राजा या तिघांसहि अक्षराचाच आधार घ्यावासा वाटावा, याचें कारण केवळ खाडाखोडीचें भय असेल काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मराठी मनुष्य शब्द देतो, शब्द राखतो, क्वचित् शब्द फिरवितो. अंक कोणी कोणास देत नाहीं. आकडा लावतात, आकडे फुगवितात, आकडेमोड करतात. भाषेच्या सवयीवरून तत्त्व सिद्ध होत नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु सवय कोठून आली हें विचारण्यास हरकत नाहीं. २७ हा अंक घ्या. तो पाहून मराठी मनुष्य सत्तावीस म्हणतो, चंद्रपुराच्या पलीकडचा तेलुगु मनुष्य इरवै एडु म्हणतो, इंग्रज ट्वेंटी सेव्हन म्हणतो. अंक कोणत्याच भाषेचा नाहीं. हीच त्याची थोरवी, आणि हेंच त्याचें वैगुण्य. तो डोळ्यांना कळतो, पण बोलत नाहीं. उलट 'सत्तावीस हजार' हीं अक्षरें लिहावयास घेतलीं कीं लिहिणारा तीं मनांतल्या मनांत उच्चारतो, आणि उच्चार म्हटला कीं ऐकणारा आलाच. म्हणजे अंक हा रकमेची खूण आहे, आणि अक्षर हें एका मनुष्यानें दुसऱ्यास सांगितलेली रक्कम आहे. वचनाला दोघे लागतात, आणि त्या दोघांना एक भाषा लागते. अक्षराला कायद्यानें दिलेलें श्रेष्ठत्व या एका गृहीतावर उभें आहे, आणि तें गृहीत कायद्यांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं.

आतां आर्वीकडचा किंवा हिंगणघाटकडचा एखादा कापूसवाला शेतकरी डोळ्यांपुढें आणावा. शाळेंत तो चार-सात यत्ता शिकला आहे. अंक त्याला उत्तम कळतात. मराठी कळतात आणि इंग्रजीहि कळतात, कारण एस. टी.चा क्रमांक, काट्यावरचें वजन, टेलिफोनचे नंबर हें सारें तो रोज वाचतो. चुकाऱ्याचा हिशेब तो जिनिंगच्या मुनिमाच्या आधीं तोंडानें करून मोकळा होतो. त्याच्यापुढें कर्जाच्या कागदांचा गठ्ठा येतो. त्यांत एक वचनचिठ्ठी असते. तींत रक्कम अंकांत आहे, आणि खालीं तीच रक्कम इंग्रजी शब्दांत लिहिलेली आहे. अंक तो वाचतो. शब्द त्याला वाचतां येत नाहींत. कायदा सांगतो, दोहोंत अंतर पडलें तर शब्द खरे. म्हणजे जो भाग त्याला कळतो तो कनिष्ठ, आणि जो कळत नाहीं तो श्रेष्ठ! लबाडीपासून रक्षण व्हावें म्हणून जें कुलूप घातलें, तें त्याच्याच घराला आहे. पण किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला. याच कायद्याचें विसावें कलम याहून पुढें जातें. मुद्रांक लावलेल्या कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही करून जो तो दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, तो त्या मुद्रांकाला सोसेल तेथपर्यंतची रक्कम भरण्याचा अधिकार त्याला देतो, असें तें कलम म्हणतें. कोरा कागद आणि न वाचतां येणारा कागद यांत सही करणाराच्या दृष्टीनें अंतर किती आहे, याचा विचार वाचकांनींच करावा.

प्रत्यक्षांत अंक व अक्षरें यांत तफावत क्वचितच पडते, हें कोणी सांगितलें तर आम्ही तें मान्य करूं. परंतु आमचा प्रश्न किती लोक फसले हा नाहीं. ज्या वचनांतील बंधनकारक शब्द वचन देणाराला कळतच नाहींत, तें वचन त्यानें दिलें असें कोणत्या अर्थानें म्हणावयाचें, हा प्रश्न आहे. आणि एकहि मनुष्य फसला नाहीं तरी तो शिल्लक राहतो.

हा प्रश्न वर्धा जिल्ह्यांत विचारावा लागावा, यांत कांहींसा दैवदुर्विलास आहे. राष्ट्रभाषा प्रचार समिति येथें १९३६ सालीं स्थापन झाली. पुढच्याच वर्षीं, १९३७ च्या ऑक्टोबरांत, राष्ट्रीय शिक्षणाची जी परिषद येथें भरली, तिनें शिक्षण मातृभाषेंतूनच दिलें जावें असा ठराव केला, आणि त्यांतूनच नयी तालीम निघाली. सेवाग्रामपासून दोन कोसांवरच्या माणसानें स्वतःच्या कर्जाचा आकडा मात्र परक्या शब्दांत कबूल करावा, अशी वहिवाट त्यानंतरहि चालू राहिली. यांत कायद्याचा दोष आहे असेंहि नाहीं. धनादेशाचे छापील नमुने हिंदी-इंग्रजींत असले, तरी ग्राहकानें ते हिंदींत, इंग्रजींत अथवा आपल्या प्रांताच्या भाषेंत लिहावे, अशी मुभा रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत स्पष्ट आहे. परंतु मुभा ही अशी वस्तु आहे कीं, ती मागणारा लागतो. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनीं मराठींत लिहिलेला धनादेश एका शाखेंतून परत आला, कारण विचारतां खिडकीवरचा तरुण कारकून म्हणाला, "काका, साहेबांना मराठी वाचतां येत नाहीं, इंग्रजींत लिहून द्या ना." तरुण सभ्य होता, साहेबहि कोठून तरी दुरून बदलून आलेले. दोष कोणास द्यावा? शिक्षकांनीं धनादेश इंग्रजींत लिहून दिला, कारण त्यांना इंग्रजी येत होतें. ज्याला येत नाहीं तो कारकुनालाच म्हणतो, "तुम्हीच लिहा बाप्पा," आणि कागद त्याच्याकडे सरकवितो.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. सही करणारानें कागद समजून घ्यावा. येत नसेल तर वाचवून घ्यावा. ज्याला कळलें नाहीं तो बांधला जात नाहीं असें म्हटलें तर उद्यां प्रत्येक ऋणको 'मला कळलें नव्हतें' म्हणेल, आणि गरिबास कोणी दमडी उसनी देणार नाहीं. हें खरें आहे. वचन मोडावयास अज्ञानाचें निमित्त पुरावें, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु समजून घेण्याचें ओझें कोणाच्या शिरावर टाकावें, याविषयीं याच देशांतील न्यायालयांनीं एक निराळी वाट पूर्वींच दाखविली आहे. पडदानशीन स्त्रियांच्या दस्तऐवजांसंबंधानें प्रिव्ही कौन्सिलनें असा दंडक घातला कीं, दस्तऐवजाचा लाभ ज्याला हवा आहे, त्यानेंच तो त्या बाईस वाचून दाखविला व तिला तो कळला होता, हें सिद्ध करावें. म्हणजे ओझें बलवानाकडे. आणि हें न झाल्यास काय होतें, तें महाराष्ट्रानें १८७५ सालीं पाहिलें आहे. त्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें आणि नंतर गांवोगांव कुणब्यांनीं सावकारांचीं घरें गांठलीं, तेव्हां त्यांचा मुख्य रोख धान्यावर किंवा दागिन्यांवर नव्हता. त्यांना खतें आणि रोखे पाहिजे होते, आणि ते हातीं येतांच त्यांनीं ते जाळले. ज्या कागदांवर आपण अंगठा उठविला पण ज्यांतलें अक्षर आपल्याला लागत नाहीं, त्या कागदांविषयींचा तो संताप होता. सरकारनेंहि तो ओळखला. १८७९ च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कायद्यानें गांवोगांव निबंधक नेमून शेतकऱ्याचा दस्तऐवज त्यांच्या देखरेखीखालींच लिहिला जावा, असें ठरविलें. वर्धा तेव्हां मध्यप्रांतांत; त्या कायद्याची सावली इकडे पडली नाहीं.

आमच्या भागांतलें दुसरेंहि एक उदाहरण येथें द्यावेसें वाटतें. कापसाच्या आणि गुरांच्या बाजारांत एके काळीं भाव बोलून ठरत नसे. दलाल व खरेदीदार एकमेकांचे हात रुमालाखालीं धरीत आणि बोटें दाबून आकडा कळवीत. त्यास हत्ता म्हणत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारीं उभा राहून दोघांच्या तोंडाकडे पाहत असे. संख्या ठरली, पण ती उच्चारली गेली नाहीं. म्हणून ज्याच्या पोटाचा प्रश्न, त्याच्याकडूनच ती लपली. पुढें बाजार समित्यांच्या नियमांनीं हा प्रकार बंद करून उघड लिलावाची सक्ती केली. भाव मोठ्यानें बोलावा, सर्वांना कळेल अशा भाषेंत बोलावा, हें तेव्हां समाजानें न्यायाचें किमान अंग म्हणून पत्करलें. बाजारांत जें पत्करलें, तें कागदावर नाकारण्याचें सयुक्तिक कारण आम्हांस तरी दिसत नाहीं. इंग्रजी न वाचणाऱ्या मनुष्यापुढें ठेवलेली इंग्रजी अक्षरी रक्कम हा रुमालाखालचा हत्ताच आहे.

तेव्हां रक्कम मराठींत लिहावी म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. पण तेथेंहि वाट अगदीं सरळ नाहीं. आम्हीं कांहीं वर्षें पदवीच्या वर्गांत एक प्रयोग करून पाहिला. फळ्यावर ७९, ८७, ९३ असे अंक लिहून ते मराठी अक्षरांत लिहावयास सांगितले. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांचीं पानें वाचण्यासारखीं नव्हतीं. जे गप्प बसले होते त्यांस विचारतां त्यांनीं इंग्रजी शब्द तत्काळ सांगितले. गणित इंग्रजींतून शिकलेल्या मुलांचा हा दोष नव्हे. मराठींत शंभरापर्यंतचीं बहुतेक नांवें निरनिराळीं पाठ करावीं लागतात. त्रेसष्ट, त्र्याऐंशी, त्र्याण्णव यांत एकच तीन तीन वेष घेऊन येतो. एकोणऐंशीला ऐंशी ओलांडण्याआधींच तिचें नांव घ्यावें लागतें. लिहितांना दहं आधीं, बोलतांना एकं आधीं. म्हणून २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'सत्तावीस' याच्या जोडीस 'वीस सात' अशी रीत दिली गेली, तेव्हां तिच्यावर उठलेला गदारोळ आम्हांस अवाजवी वाटला. विधिमंडळापर्यंत विषय गेला; थट्टाहि पुष्कळ झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनीं शांतपणें सांगितलें तें एवढेंच कीं, जोडाक्षरांनीं व उलट्या क्रमानें मुलें अडखळतात, आणि दक्षिणेकडील भाषांत व इंग्रजींत दहं आधीं येतो. वीस सात ही रीत परकी आहे, हें तर मुळींच खरें नाहीं. खेड्यांतल्या निरक्षर पिढीनें सारा जन्म विसांनींच मोजलें. 'तीन वीस अन् सात' म्हणणाऱ्या बाईचा हिशेब कधीं चुकला नाहीं.

तरीहि धनादेशावर आम्ही सत्तावीसच लिहूं. कारण वीस सात हे ऐकणाराला दोन आकडे वाटूं शकतात. सत्तावीस हा एकच आहे, त्यांत फट नाहीं. शिवाय पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट या शब्दांचा जो संसार मराठींत आहे, तो देण्याघेण्यांतूनच उभा राहिला. पावकी-दिडकीचे पाढे मुलांकडून घोकून घेत, ते व्याज काढतां यावें म्हणून. बियाण्याचें धान्य उसनें देऊन सुगीला सव्वापट घ्यावयाचें त्याला सवाई असेंच नांव पडलें. आणि व्याज मुदलाहून अधिक घेऊं नये, या धर्मशास्त्राच्या नियमाला दामदुप्पट म्हणतात. नियमाचें नांवच एक संख्या आहे, आणि ती ऋणकोला तोंडपाठ असे. ज्याला नियम माहीत नाहीं, त्यालाहि नांवावरून आपली मर्यादा कळे. हें सामर्थ्य टू टाइम्स द प्रिन्सिपल या शब्दांत नाहीं, निदान सेलू तालुक्यांत तरी नाहीं.

आतां यंत्रें आलीं. कर्जाचा कागद यंत्र छापतें, आणि त्यांत अंक भरला कीं खालचे इंग्रजी शब्द तें आपोआप उमटवितें. अंक चुकला तर शब्दहि तितकाच चुकतो. पूर्वीं लिहिणाराचा हात दोनदां चाले, म्हणून दोन साक्षी होते. आतां एका साक्षीदारानें पढविलेला दुसरा साक्षीदार उभा केला जातो, आणि कायदा अजूनहि त्या पढविलेल्याचीच जबानी वरचढ मानतो. खाडाखोडीचें भय हेंच अक्षराच्या श्रेष्ठत्वाचें एकमेव कारण असतें, तर तें अशा कागदांपुरतें तरी संपलें म्हणावयाचें. आमच्या मतें तें संपलेलें नाहीं. कारण अक्षर हें मुळांत रक्कम सांगण्यासाठीं आहे. आणि ज्या यंत्राला इंग्रजी शब्द उमटवितां येतात, त्याला मराठी उमटवितां येत नाहींत असें कोणी सांगूं नये. तीं न उमटविण्याचें कारण यंत्रांत नाहीं. कर्ज देणारा हा लिहिणारा आहे, कागद त्याचा आहे, नमुना त्यानें ठरविला आहे. तेव्हां ऋणकोच्या भाषेंत रक्कम अक्षरांनीं लिहिण्याचें कर्तव्य त्याच्याकडेच येतें, आणि ऋणकोनें तें मागितलें नाहीं म्हणून तें फिटत नाहीं. नोटेवर हिंदी-इंग्रजीबरोबर आणखी पंधरा भाषांत तिची किंमत छापली जाते, त्यांत मराठीहि आहे. दहा रुपयांच्या नोटेस जें जमतें, तें दोन लक्षांच्या वचनचिठ्ठीस कां जमूं नये?

वर्ध्याच्या भाजीबाजारांत अलीकडे दुसराच एक प्रकार दिसतो. गिऱ्हाईक टेलिफोनवरून पैसे पाठवितें, आणि टोपल्यांच्या मागें ठेवलेला एक लहानसा डबा आलेली रक्कम मोठ्यानें बोलून दाखवितो. बाईला कागद वाचतां येत नाहीं, गिऱ्हाइकानें पुढें केलेल्या टेलिफोनच्या कांचेवरचे अंकहि ती पाहत नाहीं. डबा बोलेपर्यंत ती पिशवी हातांतून सोडीत नाहीं. कांहीं डबे मराठी बोलतात, कांहीं हिंदी. एकीला आम्हीं विचारलें, सत्ताईस म्हटलेलें कळतें का? ती म्हणाली, "कळतें जी, पण आपलाच बरा," आणि पुढच्या गिऱ्हाइकाचीं वांगीं तोलूं लागली.